बैलजोडी गेली, आता कपाशी-तुरीच्या तासांचं (ओळींचं) अंतर किती ठेवायचं?

धुऱ्यावरचा (काटोल)

राम राम मंडळी. नेमकं विचारतो, नेमकं सांगा.

वावर एकूण १२ एकर, कोरडवाहू. ८ एकर भारी काळी, ४ एकर हलकी आणि थोडी चढउताराची. आजवरची पद्धत अशी: कपाशी ३ फूट बाय २ फूट, आठ तासांनंतर तुरीचं एक तास, उरलेल्या वावरात सोयाबीन तिफणीने (बैलाच्या पेरणी अवजाराने) आणि त्यात सरत्याने (तिफणीमागच्या वेगळ्या नळीने) तूर. डवरणी (तासांमधलं तण काढणं) जोडीनेच. यंदा जोडी नाही, सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) मिळत नाही (पाडव्याला साल ठरवायला कोणी पुढेच येत नाही). १८ हॉर्सपॉवरचा मिनी ट्रॅक्टर घ्यायचा विचार आहे. प्रश्न तीन:

कपाशीत मिनी ट्रॅक्टरने डवरणी होते का, आणि त्यासाठी अंतर किती हवं? सोयाबीन हार्वेस्टरने काढायचं तर मधली तूर सोडूनच द्यायची का? आणि शेणखत बंद झाल्यावर जमिनीचं काय?

अवजारवाला

धुऱ्यावरचे भाऊ, ट्रॅक्टर घेण्याआधी टेप घ्या. शोरूममध्ये उभं राहून मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर स्वतः मोजा. माहितीपत्रकात बहुधा दोन्ही चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं माप दिलेलं असतं. त्यात टायरची रुंदी मिळवली की खरं माप निघतं. तासांमधून ट्रॅक्टर चालवायचा तर बाहेरून बाहेर ३ फुटांवर जाऊ नये.

३ फुटांच्या तासांत ३ फुटी ट्रॅक्टर जात नाही, हे उघड आहे. झाडावरून ट्रॅक्टर नेऊ, म्हणजे तास दोन चाकांच्या मधे घेऊ, असं काही जण म्हणतात. ते पहिल्या २५-३० दिवसांपुरतं ठीक. नंतर पोटाखालची उंची कमी पडते आणि शेंडे मोडतात.

म्हणून ४ फूट बाय दीड फूट. हिशेब करा: ३ गुणिले २ म्हणजे ६ चौरस फूट, ४ गुणिले दीड म्हणजेही ६ चौरस फूट. एकरी झाडं दोन्हीकडे ७,२६०. बियाणं तेवढंच, पाकिटं तेवढीच. फक्त झाडांची मांडणी बदलली. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच मोकळे राहतात. ड्रायव्हरचा हात बसलेला असेल तर पुरतात, नसेल तर पहिली डवरणी त्याला धुऱ्याकडच्या दोन तासांत करून पाहू द्या.

आता जिथे बहुतेकांचं फसतं ते. ४ फुटांच्या रेघा पाडताना एका फेरीतल्या रेघा बरोबर येतात, पण या फेरीची शेवटची आणि पुढच्या फेरीची पहिली यांच्यातलं अंतर नजरेवर राहतं. कुठे साडेतीन फूट, कुठे साडेचार. साडेतीनच्या जागी ट्रॅक्टर शिरला की दोन्ही बाजूची पऱ्हाटी (कपाशीची झाडं) सोलून निघते. उपाय साधा आहे. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून नऊ फुटांचा जाड चौकोनी पाइप घेऊन त्यावर तीन फाळ क्लॅम्पने बसवा: एक बरोबर मध्यावर, दोन त्याच्यापासून ४-४ फुटांवर. दर फेरीला कडेचा एक फाळ आधीच्या शेवटच्या रेघेतच चालवायचा. म्हणजे फेरीला नव्या रेघा दोनच पडतात, पण सांधा कुठेच चुकत नाही. पहिली रेघ मात्र दोरी लावून सरळ पाडा. ती वाकडी गेली की सगळं वावर वाकडं. तूरही याच रेघांवर टोबा (हाताने टोचून लावा), झाडांत एक फूट ठेवा. तुरीला वेगळं अंतर देऊ नका, नाहीतर तिथे यंत्र अडकतं.

डवऱ्याच्या जागी मागे काय लावायचं? रोटरी नको. दोन किंवा तीन लहान व्ही-पाती, मिळून कापणारी रुंदी २८ ते ३० इंच, खोली दीड-दोन इंच. झाडाच्या दोन्ही बाजूला नऊ-नऊ इंच पट्टा तसाच राहतो, तो हाताने निंदावा लागेल. बैलाच्या डवऱ्यानेही झाडाजवळचं तण निघत नव्हतं, तेवढं निंदण तेव्हाही होतंच. ४५ दिवसांनंतर पाती झाडांपासून आणखी दूर, मध्याकडे घ्या. कपाशीची आडवी मुळं वरच्या थरात पसरलेली असतात, ती तुटली की पात्या (कळ्या) आणि फुलं गळतात आणि माणूस औषध शोधत बसतो.

शेवटच्या पाळीला आपल्याकडे डवऱ्याला दोरी गुंडाळून सरी काढतात, ती सोडू नका. ट्रॅक्टरमागे ९-१० इंची छोटा रिजर लावला की तेच काम होतं. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघतं, उघडीप पडली तर तीच सरी ओल धरते.

वेग: घंट्याला पाऊण एकर धरून चाला. जोडीने दिवसाला अडीच-तीन एकर व्हायचं, यंत्राने तेवढं चार घंट्यांत होतं. शिवाय त्याला दुपारी सावलीत बांधावं लागत नाही.

वखर-पाळी (उमरेड)

अवजारवाले दादांचं माप बरोबर, पण त्यांनी वाफश्याचा (पावसानंतर जमीन कामाजोगी सुकण्याचा) विषय घेतला नाही. आपल्या नागपूर जिल्ह्यात वर्षाला साधारण १,००० ते १,१०० मिमी पाऊस आणि त्यातला मोठा भाग जुलै-ऑगस्टात. नेमकी तेव्हाच डवरणी. भारी काळ्या मातीत झड लागली की आठ-दहा दिवस वावरात पाय ठेवता येत नाही. बैल ट्रॅक्टरच्या एक-दोन दिवस आधी शिरतात. पुन्हा झड लागणार असेल तर सगळा खेळ त्याच दोन दिवसांचा असतो. तेवढ्यात तण हाताबाहेर जातं.

ओल पाहायची रीत: वरून नाही, तीन-चार इंच खालून मूठभर माती घ्या. गोळा करून तळहातावर वळा. शेवईसारखी वळी पडली तर ट्रॅक्टर आत घालू नका. टायरला लोंदा चिकटतो, चाक जागीच फिरतं आणि त्या तासात माती दाबून विटेसारखी होते. वळताना वळी तुटली, भुगा झाला, तर खुशाल घाला.

माझं मत विचाराल तर जोडी पूर्ण बंद करू नका. दोन-तीन घरांत मिळून एक ठेवा. आपल्या भागातला गवळाऊ बैल हलका आणि चपळ आहे. डवरणीला तोच बरा, अवजड ओढकामाला भारी बैल. नांगरणी, रेघा, ओढकाम यंत्राने. झडीनंतरची एक डवरणी आणि चिखलातली फवारणीची टाकी बैलाने. वर्षातले ३०-४० दिवस काम आणि बाकी ३२५ दिवस चारा, हा हिशेब एका घराला परवडत नाही. तीन घरांत वाटला तर परवडतो. पण कोणाच्या वावरात आधी हे पेरणीपूर्वीच ठरवा, लेखी ठरवा. पोळ्याला जोडी कोणी सजवायची यावर भांडण होत नाही. वाफसा आल्यावर होतं.

धुऱ्यावरचा (काटोल)

अवजारवाले दादा, हलक्या ४ एकरात ४ फूट ठेवलं तर झाडं एकमेकांना भिडतील का? तिथे पऱ्हाटी कमरेच्या वर जात नाही. आणि पॉवर वीडरबद्दल कोणी बोललं नाही.

अवजारवाला

नाही भिडणार. हलक्या जमिनीत ४ फूट म्हणजे मधली दीड फूट माती हंगामभर उघडी आणि तणाला रान मोकळं. तिथे ट्रॅक्टरचा हट्ट सोडा. दोन वाटा आहेत. एक, जुनंच ३ बाय २ ठेवा आणि पॉवर वीडर वापरा. दुसरी, सघन लागवड, ३ फूट बाय ६ इंच. यात एकरी २९,००० झाडं बसतात. वर्धा रोडवरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था हलक्या-मध्यम जमिनीसाठी ही पद्धत सांगते. पण नीट समजून घ्या: बियाणं चौपट लागतं, वाण कमी पसरणारा आणि लवकर येणारा हवा, आणि झाड वाढीला लागलं की वाढरोधक फवारावं लागतं. ते चुकलं तर आत हवा खेळत नाही, खालची बोंडं सडतात. पहिल्या वर्षी एका एकरापलीकडे जाऊ नका. या पट्ट्यात तूर घालू नका, तिची सावली लहान झाडांना मारते.

पॉवर वीडर: ३ फुटांच्या तासाला २ फुटांचं पातं लावा. दोन घंट्यांत एक एकर होतो. अडचणी दोन. ओल्या काळ्या मातीत पात्यांभोवती चिखलाचा गोळा होतो, मग यंत्र निंदत नाही, नुसतं उड्या मारतं. आणि हरळी, लव्हाळा किंवा कुंदा असलेल्या वावरात फिरतं पातं म्हणजे तणाची लागवडच: मुळ्यांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा फुटतो. तिथे आधी उन्हाळ्यात खोल नांगरून काश्या (तणाच्या मुळ्या) वेचा, वखराच्या पाळ्या द्या, मगच वीडर.

उतारावर आणखी एक. ट्रॅक्टरवाल्याला लांब तास आवडतात, वळणं कमी पडतात म्हणून. त्यासाठी तो उताराच्या दिशेने रेघा पाडायला सांगेल. ऐकू नका. तास उताराला आडवेच हवेत, भले वळणं दुप्पट होवोत. दोन्ही टोकांना १० ते १२ फूट मोकळं ठेवा. बैल सहा-सात फुटांत वळायचे, हा वळत नाही. त्या मोकळ्या पट्ट्यात मूग-उडीद पेरता येतो. चाकाखाली थोडा जातो, पण जागा रिकामी राहत नाही.

कुटार (सावनेर)

दुसऱ्या प्रश्नाचं मी घेतो. तूर सोडायची गरज नाही, पण सहा तासांनंतर तूर ही जुनी मांडणी हार्वेस्टरला चालत नाही. भाड्याने येणारं मोठं हार्वेस्टर बहुतेक १४ फुटी कटरचं असतं, म्हणजे ४२७ सेंमी. पट्टा त्याच्या दोन फेऱ्यांत बसवायचा:

सोयाबीनची १६ तासं, ४५ सेंमीवर. मग ९० सेंमी सोडून तुरीचं तास, आणखी ९० वर तुरीचं दुसरं, पुन्हा ९० सोडून सोयाबीन.

१६ तासांची रुंदी ६७५ सेंमी होते. दोन फेऱ्यांत कटरची रुंदी ८५४ सेंमी, म्हणजे मध्यावर एकमेकांवर चढवायला भरपूर जागा आहे. यामुळे ड्रायव्हर प्रत्येक फेरीत कटरची तुरीकडची कड शेवटच्या तासाच्या फक्त १५ सेंमी बाहेर ठेवू शकतो आणि तुरीच्या खोडापासून ७५ सेंमी दूर राहतो. आठच तासांचा एका फेरीचा पट्टा केला तर दोन्ही बाजूंना तूर येते, हलायला जागा नसते आणि ऑक्टोबरात फांद्या आडव्या पसरलेल्या असतात. कटरच्या टोकाने त्या ओढल्या जातात. तुरीचं तास सोयाबीनला ४५ वर लावणं ही तर सरळ नुकसानीची सोय.

टोकांना २०-२५ फूट फक्त सोयाबीन ठेवा, तूर नको. हार्वेस्टर आधी तेवढं कापून वळायला जागा करतं. दाण्याची टाकी रिकामी करायलाही तिथेच यायला सांगा.

पेरणी ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने करत असाल तर सरत्याचं काम वेगळ्या डब्याने होतं. तिरप्या चकतीचं यंत्र घ्या, प्रत्येक डब्याची चकती बदलता येते. तूर आणि सोयाबीन एकाच पेटीत मिसळून पेरू नका. आणि खत-बी एकत्र तर अजिबात नको. तिफणीच्या चाड्यात (बी सोडायच्या वाटीत) डीएपी मिसळायची सवय यंत्रावर आणली की उगवण विरळ होते. खताची नळी वेगळी आणि बियापेक्षा थोडी खोल हवी.

भारी जमिनीत याला रुंद वरंबा-सरी जोडता येते. चार तासांचा वरंबा, ४५ सेंमीवर, मग एक सरी. सरीच्या मध्यापासून सरीच्या मध्यापर्यंत १८० सेंमी. म्हणजे तुमचा १६ तासांचा पट्टा बरोबर चार वरंब्यांचा होतो, तुरीलाही हिशेब बदलावा लागत नाही. बियाणं सपाटावर एकरी ३० किलो लागतं, वरंब्यावर २२ ते २४. सरी फार खोल काढू नका, हार्वेस्टरचं चाक त्यात उतरलं की कटर एका बाजूला झुकतं आणि खालच्या शेंगा बुंध्याला राहून जातात. पेरा ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय नको, बी ३-४ सेंमीच्या खाली नको. यंत्राच्या खोलीचा स्क्रू पहिल्या फेरीनंतर थांबून तपासा. ढेकळाच्या वावरात ती आपोआप बदलते.

घरचं बियाणं ठेवायचं असेल तर तेवढा पट्टा हार्वेस्टरला देऊ नका. सोयाबीनचं टरफल पातळ, मार लागला की दाणा दिसतो अख्खा पण उगवत नाही. तो पट्टा कापून, वाळवून थ्रेशरमधून काढा: दाण्यात १३ टक्के ओल असेल तर ड्रमच्या फेऱ्या मिनिटाला ३०० ते ४००, १४-१५ टक्के असेल तर ४०० ते ५००. पोती सातच्या वर थप्पीत नको, डोक्यावरून आपटणं नको. मे महिन्यात १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहा. ७० उगवले तर ३० किलो, त्याखाली गेले तर प्रमाण वाढवा, ६० च्या खाली गेले तर ते विकून टाका.

माझ्या नावावरून (कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा) कळलंच असेल, मला हार्वेस्टरचा राग कशाचा आहे ते. थ्रेशरमागे कुटाराचा ढीग एका जागी पडतो, ढोरांचा उन्हाळ्याचा चारा होतो. हार्वेस्टर ते वावरभर उधळतं. एक तरी गाय-म्हैस ठेवणार असाल तर किती कुटार लागेल ते आधी मोजा आणि तेवढे पट्टे थ्रेशरला ठेवा.

ज्वारीचं ताट

विषय निघालाच आहे म्हणून. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जुनी शिफारस होती, कपाशी-ज्वारी-तूर-ज्वारी, ६:१:२:१. पक्षी ज्वारीवर बसायचे, अळ्या टिपायचे, आणि कडबा घरचा व्हायचा. ती गेली त्याला रानडुकरं कारण आहेतच, पण तणनाशकही तेवढंच आहे. कपाशी, तूर आणि सोयाबीन तिघांनाही चालणारं क्विझालोफॉप ज्वारीला जाळतं, कारण ज्वारी गवतवर्गीय. पेंडीमिथॅलिनही ज्वारीला सोसत नाही. उलट सोयाबीनमधलं इमाझेथापायर वाऱ्याने कपाशीवर गेलं तर कपाशी आखडते. म्हणून मिश्र पीक ठेवायचं तर औषध पिकाकडे बघून नाही, पूर्ण वावराकडे बघून निवडा. कपाशी-तुरीच्या पट्ट्यात पेरणीनंतर ४८ घंट्यांच्या आत पेंडीमिथॅलिन, ३० टक्केवालं असेल तर एकरी १.३ लिटर, जमिनीत ओल असताना. नंतर फक्त गवत उरलं तर क्विझालोफॉप ५ टक्के, एकरी ४०० मिली. रुंद पानाच्या तणासाठी कपाशीचं म्हणून मिळणारं पायरीथायोबॅक तुरीवर नेऊ नका. आणि टाकी धुतल्याशिवाय दुसऱ्या पिकात नाही.

वखर-पाळी (उमरेड)

तिसरा प्रश्न राहिला. एक बैल दिवसाला १०-१२ किलो शेण देतो. जोडीचं वर्षाचं ओलं शेण सात-आठ टन, कुजून साधारण निम्मं. कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ५ टन शेणखत सांगतात. म्हणजे एका जोडीने १२ एकरांना दरवर्षी कधीच पुरत नव्हतं. आळीपाळीने टाकायचो, म्हणून चालत होतं. हे लक्षात आलं की घाबरायला होत नाही.

पऱ्हाटी जाळू नका. डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीत वावर मोकळं करा, फरदड (हंगामानंतरही कपाशी ठेवून पुन्हा बोंडं घेणं) नको. गुलाबी बोंडअळीला तीच तर जागा देते. पऱ्हाटी उपटून श्रेडरमध्ये बारीक करा, त्याला ४५ च्या वरचा ट्रॅक्टर लागतो, तुमचा १८ चा ओढणार नाही, भाड्याने आणा. अवजार बँकेत मिळतो. बारीक भुसा वावरात ताबडतोब गाडला तर कुजताना तो जमिनीतलं नत्र ओढून घेतो. तो फेब्रुवारीत ढिगात घाला: टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, कुजवणारं जिवाणू खत, आणि ढीग ओला राहील एवढं पाणी. महिन्यातून एकदा पलटी. पाणी नसेल तर ढीग जूनपर्यंत जसाच्या तसा पडून राहतो, हे कोणी सांगत नाही.

दुसरं दाबलेल्या थराचं. दरवर्षी रोटाव्हेटर चार-पाच इंचांवर फिरला की त्याच्याखाली घट्ट पट्टी बनते. वर भुसभुशीत, खाली सिमेंट. मग मोठ्या पावसानंतर पाणी तिथेच थांबतं आणि उघडीप देऊन पाऊस पडला की कपाशी एकाएकी माना टाकते. ओळखायचं कसं? लोखंडी सळई ओल्या जमिनीत हाताने दाबा. पाच-सहा इंचांवर अडली आणि पुढे पुन्हा सहज गेली, की पट्टी आहे. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि ती पट्टी काही प्रमाणात स्वतःच मोडते, म्हणून दरवर्षी सबसॉयलर (जमीन खोल चिरणारं अवजार) नको. तीन वर्षांतून एकदा, एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडीठाक असताना, दीड ते दोन फूट खोल, ४-५ फुटांवर. ओल्या जमिनीत चालवला तर माती फुटत नाही, नुसती चीर पडते आणि तिच्या बाजू लिंपल्या जातात. पैसे वाया.

रोटाव्हेटर मात्र वर्षाला एकदाच. वखराच्या पाळ्या तुमच्या १८ वाल्यामागे पाच फुटी पास (वखराचं पातं) लावूनही देता येतात.

धुऱ्यावरचा (काटोल)

उद्या शोरूममध्ये टेप घेऊन जातो. कुटार भाऊ, एकच राहिलं: वरंब्यावर केलं तर हार्वेस्टरची चाकं सरीत बसवायची की वरंब्यावर चढवायची?

कुटार (सावनेर)

सरीत बसत नाहीत, टायर रुंद असतात. तिरपं न जाता वरंब्याला समांतर चालवायला सांगा आणि कापणीआधी जमीन सुकू द्या. शेंगांची पहिली पेरं जमिनीपासून किती वर आहेत ते सप्टेंबरात मोजून ठेवा; तीन इंचांच्या आत असतील तर त्या पट्ट्याला विळाच लावा.